पोटगी: काय खरं, काय खोटं

पोटगी म्हणजे घटस्फोटाचा दंड, हा समज सर्वांत जुना आहे आणि त्यानेच सर्वाधिक नुकसान केलं आहे. पोटगी म्हणजे पोटापाण्याची सोय: अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम ४८८ म्हणून होती. नवऱ्याने टाकलेल्या बायकोवर आणि मुलांवर उपासमारीची वेळ येऊ नये, एवढाच तिचा हेतू. १९७३च्या संहितेत ती कलम १२५ झाली आणि पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेलाही हा हक्क मिळाला. १ जुलै २०२४पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्ये आहे. संहिता फौजदारी असली, तरी पोटगीच्या अर्जाने नवरा आरोपी ठरत नाही.

‘आधी घटस्फोट घे, मग पोटगी माग’ हा सल्ला साफ चुकीचा. लग्न टिकून असतानाही, सांभाळ होत नसेल तर पोटगी मागता येते.

शिकलेल्या बायका या हक्कापासून उगाच मागे हटतात, याचं मला फार वाईट वाटतं. कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं. दहा वर्षं घर आणि मुलं सांभाळलेल्या बाईला पदवीच्या कागदावर उद्या नोकरी मिळत नाही. नोकरी असेल, तर तिचं उत्पन्न जरूर धरलं जातं. पण तेवढ्याने अर्ज आपोआप फेटाळला जात नाही.

पगाराचा चौथा हिस्सा ठरलेलाच, असंही नाही. एका निकालात २५ टक्के योग्य मानले गेले, पण कायद्यात असा आकडा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२०च्या निकालापासून नवरा-बायको दोघांनाही मिळकत, खर्च आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरली जाते.

फक्त नवराच देतो? कलम १४४खाली नवरा पोटगी मागू शकत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५खाली मात्र तोही मागू शकतो.

थकबाकीपायी तुरुंगात जाऊन आलं की देणं फिटतं, हाही भ्रमच. रक्कम देणं कायम राहतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्येच सांगितलं आहे. बायकांनी मात्र एक मुदत पाळावी: कलम १४४खालच्या थकीत रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षभराच्या आत करावा लागतो.