मर्यादा पाइपाची की नदीची?

आज आपण एका आकड्याच्या मागे जाणार आहोत. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी किती असावा? आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरमागे ३० मिलिग्रॅम. बीओडी म्हणजे, घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला जेवढा प्राणवायू खातात त्याचं माप. तो प्राणवायू माशांच्या वाट्याचा असतो.

असे आकडे येतात कुठून? ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२ सालच्या आठव्या अहवालात २० हा आकडा दिला. त्यांचा हिशेब असा. स्वच्छ नदीचा बीओडी २ धरा. तो ४ च्या वर गेला की नदी बिघडते. आता एक भाग सांडपाणी, आठ भाग नदी. आठ दुणे सोळा, अधिक वीस, झाले छत्तीस. भागिले नऊ, उत्तर चार. म्हणजे 'आठपट पाणी असेल तर' या अटीसकटच २० जन्मला. नदीत पाणी कमी तर मर्यादा कडक, भरपूर तर सैल, हेही आयोगाने सांगितलं होतं. आकडा जगभर गेला, अट बहुतेक ठिकाणी मागे राहिली. 'जर' खोडून 'तर' तेवढा वापरायचा नसतो, हे आम्ही तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवायचो!

आता मुठेकडे या. मे महिन्यात खडकवासल्याच्या खाली नदीचं स्वतःचं पाणी जवळजवळ नसतंच. वाहतं ते शहराचं. तिथे ३० च्या मर्यादेत सोडलेलं पाणी म्हणजे ३० ची नदी. स्नानायोग्य पाण्याचा निकष मात्र आहे ३.

म्हणून हिशेब उलटा करायला हवा. आधी नदी कशी हवी ते ठरवा, मग मागे पाइपाकडे या. नदीत ३ हवेत, वरून येणारं पाणी २ चं आणि आठपट असेल, तर पाइपाला ११ पर्यंत मुभा. नदीचं पाणी सांडपाण्याएवढंच असेल तर फक्त ४. आणि हा प्रवाह सरासरीचा धरू नका, पावसाळा सगळं झाकून टाकतो. अमेरिकेत बरेचदा दहा वर्षांतून एकदा येणारा, सात दिवसांचा सर्वांत कमी प्रवाह धरतात.

एका पट्ट्यात पाइप अनेक असतात. प्रत्येक जण नियमात, तरी नदी मेलेली, असं होतं. अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यात बिघडलेल्या पाण्यासाठी रोजचा एकूण भार ठरवून तो वाटून देण्याची तरतूद आहे. वाटायचा कसा? जुन्या कारखान्याला जास्त, की उद्या वाढणाऱ्या गावासाठी थोडा राखून? इथे रसायनशास्त्र थांबतं. आम्हाला विचाराल तर खालच्या गावाला त्या बैठकीत खुर्ची हवी, कारण पाणी तेच पितं.