मरे नदीवरची तेरा लॉक

ऑस्ट्रेलियातील मरे नदीत मुखाकडून वर निघाले की बोटी चढवण्या-उतरवण्याच्या हौदांचे, म्हणजे लॉकचे, नंबर ओळीने लागतात. ब्लँचटाउनला 1, रेनमार्कपाशी 5, वेंटवर्थला 10, मिल्ड्युराला 11. त्याच्या पुढचे युस्टनचे लॉक मात्र 15 नंबरचे आणि टोरमबरीचे थेट 26. मधली बांधलीच गेली नाहीत. 1915 साली न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि केंद्र सरकार यांच्यात करार झाला, तेव्हा एचुका बंदरापर्यंत 26 लॉक घालून नदीत बारमाही बोटी चालवायचा बेत होता. 1934 मध्ये करार बदलला आणि उरलेल्यांवर पाणी सोडले. युस्टनचे लॉक 1937 मध्ये पुरे झाले आणि हिशेब तेरावर थांबला.

बोटींचा जमाना त्याआधीच ओसरला होता. 1853 मध्ये रँडेल आणि कॅडेल यांच्या वाफेच्या बोटी मरेतून वर गेल्या आणि लोकरीच्या गासड्यांची वाहतूक सुरू झाली. अडचण एकच, ती पाण्याची. उन्हाळ्यात नदी इतकी आटे की बोट महिनोन्‌महिने एका डोहात अडकून पडे. 1914 च्या दुष्काळात तर काही ठिकाणी नुसती डबकीच उरली. त्यावर उपाय म्हणून लॉक. पण एचुकाला रेल्वे 1864 मध्येच आली होती, मॉर्गनला 1878 मध्ये. पहिले लॉक 1922 मध्ये तयार झाले तोवर माल रुळांवर गेलेला. वरातीमागून घोडे.

तरीही लॉक मोडीत निघाली नाहीत, कारण लॉकशेजारच्या बंधाऱ्याने पाण्याची पातळी धरून ठेवली. रेनमार्क आणि मिल्ड्युराच्या द्राक्षमळ्यांचे पंप त्या पातळीवर चालतात. मोटारीच्या परवान्यावर हाउसबोट भाड्याने घेऊन आठवडाभर तरंगणारा सुट्टीकर या व्यवस्थेत नंतर शिरला, आणि तोही फुकट: लॉकमधून जायला पैसे पडत नाहीत. वेळा सकाळी आठ ते साडेअकरा आणि दुपारी एक ते साडेचार. दुपारी एकला काहीतरी उघडते, याचे पुणेकराला नवल वाटेल.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला लांब हौद. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि पुढचे दार उघडायचे. बोटीचा दोर खुंटाला गच्च बांधायचा नाही, हातात सैल धरायचा. पाणी उतरताना बांधलेली बोट लटकू लागते. मरेवरचा हौद सुमारे 84 मीटर लांब आणि 17 मीटर रुंद आहे, कारण तो बार्ज ओढणाऱ्या वाफेच्या बोटींसाठी आखला होता. आज त्यात एखादी कयाक एकटीच उभी असते. दुरुस्तीसाठी दोन्ही तोंडांना आडव्या तुळया बसवून आतले पाणी उपसतात, मग एरवी कधीच न दिसणारी दारांची खालची बाजू तपासता येते. तेवढे दिवस वाट बंद. सुट्टीकरांची कुरकुर तेव्हाच ऐकू येते.

खरी परीक्षा मात्र दुरुस्तीच्या बंदीत नव्हे, नदीच्या लहरीत झाली. 1997 ते 2009 हा लांबलेला दुष्काळ त्यातला पहिला धडा. लॉक 1 च्या वर बंधाऱ्याने पाणी नेहमीच्या पातळीवर धरले होते, तिथे हाउसबोटी फिरत होत्या. त्याच्या खाली मुखापर्यंत 274 किलोमीटरमध्ये पाणी धरायला दुसरा बंधारा नाही, फक्त समुद्र अडवणारे बांध. तिथली पातळी 2009 मध्ये समुद्रसपाटीच्या जवळपास एक मीटर खाली गेली. धक्के चिखलात टेकले, बोटी कलंडल्या. पाण्याचा आधार सुटल्याने काठच खचू लागले. फेब्रुवारी 2009 मध्ये मरे ब्रिज गावाजवळ काठाचा तुकडा मोटारींसकट नदीत गेला. एका भिंतीच्या अलीकडे सहल आणि पलीकडे आपत्ती, असा तो काळ.

मग 2022 चा पूर. साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर डिसेंबरअखेर दिवसाला 186 अब्ज लिटर पाणी येत होते, म्हणजे साधारण साडेसहा टीएमसी. 1956 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर. क्युसेकमध्ये तो जेमतेम 76 हजार भरतो, आणि सांगलीकर म्हणेल, एवढ्यासाठी एवढा गवगवा? पण लॉक 6 समुद्रापासून 620 किलोमीटरवर आहे आणि त्याच्या वरचे पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम 19 मीटर उंच. किलोमीटरला तीन सेंटीमीटर उतार! कृष्णेचा पूर रात्रीत येतो. मरेचा आठवडे आधी कळतो आणि आठवडे हटत नाही.

पुरात लॉकचा उपयोग संपतो. बंधाऱ्याच्या एका भागातील फळ्या काढून पाण्याला मोकळी वाट देतात. दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाली की बोटही त्याच वाटेने जाते, हौद बाजूला राहतो. या फळ्या चढत्या पाण्यात काढायचे काम जोखमीचे, म्हणून गेल्या दोन दशकांत तो भाग नव्याने बांधला आणि त्याच कामात माशांसाठी पायऱ्याही केल्या. त्या डिसेंबरात मात्र बोटींच्या वाटेचा प्रश्नच उरला नाही. साउथ ऑस्ट्रेलियातील नदी ऐन नाताळच्या हंगामात हौशी बोटींना बंद झाली आणि पुढच्या वर्षी टप्प्याटप्प्याने खुली झाली.

रेनमार्कच्या धक्क्यावर ‘इंडस्ट्री’ नावाची 1911 ची वाफेची बोट जपून ठेवली आहे. नदीतले बुडालेले ओंडके उपसणे आणि लॉकच्या बांधकामाला हातभार लावणे, हे तिचे काम. आता वरच्या भागात तेच ओंडके मुद्दाम परत टाकतात, कारण मरे कॉड मासा त्यांच्या आडोशाने राहतो. बंधाऱ्यामागची पातळीही आता कायम एकसारखी ठेवत नाहीत. काठच्या पाणथळींसाठी ती मधूनमधून थोडी चढवतात, थोडी उतरवतात. बोटवाले यावर वैतागतात, कारण संध्याकाळी नीट बांधलेली बोट महिन्याभराने उथळात सापडते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण पातळी स्थिर राहिली ती पंपांसाठी, आणि आता हलते ती पाणथळींसाठी. बोटवाल्याला दोन्ही वेळा कोणी विचारले नव्हते.