‘म्हणून’ची दिशा

रजेच्या अर्जात एका मुलानं लिहिलं होतं, ‘माय मदर वॉज इल बिकॉज आय डिड नॉट कम टु स्कूल.’ तो शाळेत आला नाही म्हणून त्याची आई आजारी पडली, असा त्याचा अर्थ झाला. मी त्याला जवळ बोलावून म्हटलं, मराठीत सांग. “आई आजारी होती म्हणून आलो नाही, बाई.” मराठी वाक्य चोख होतं. ‘म्हणून’च्या जागी त्यानं ‘बिकॉज’ बसवला होता, एवढंच. पण ‘म्हणून’च्या आधी कारण येतं आणि पुढे परिणाम. ‘बिकॉज’ला कारण पुढे लागतं. दोघांची तोंडं दोन दिशांना.

तेव्हापासून दहावीची जानेवारीतली उजळणी मी याच वाक्यापासून सुरू करते. अर्ज कुणाचा ते सांगत नाही.

व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. कर्ता आणि क्रियापद असतं तो क्लॉज, नसतं ती फ्रेज. मग मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते : ‘आफ्टर द रेन’ आणि ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड’. निम्मा वर्ग दोन्हींना क्लॉज म्हणतो, कारण ‘आफ्टर’ हा शब्द वहीतल्या यादीत आहे. ही यादी पाठ करायला लावणं मी बंद केलं आहे. यादी पाठ झाली की मुलं वाक्याकडे बघतच नाहीत, फक्त ओळखीचा शब्द हुडकतात.

खरा गुंता क्रियापदाचा असतो. ‘आय वाँट टु गो होम’ यात क्लॉज किती? दोन, असं उत्तर हमखास येतं. ‘वाँट’ एक, ‘गो’ दुसरं. मुलांचं चुकतं असं तरी कसं म्हणू? ‘गो’ हे क्रियापद आहे, हे त्यांना पाचवीपासून आम्हीच शिकवलेलं असतं. इथे मी एकच काम देते : हेच वाक्य कालचं करा. पेन्सिली चालतात आणि वह्यांवर ‘आय वाँटेड टु गो होम’ उमटतं. कोणता शब्द बदलला? ‘वाँट’. ‘गो’ जागचा हलला नाही. काळाबरोबर जे बदलतं ते वाक्याचं क्रियापद, आणि अशी क्रियापदं जितकी, तितके क्लॉज. मागच्या बाकावरून एक ‘अच्छा’ ऐकू येतो. मला तो टाळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

दुसऱ्या तासाला मी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवरून कापलेल्या पट्ट्या आणते. एका पट्टीवर ‘इट वॉज रेनिंग’, दुसरीवर ‘वुई वेंट टु स्कूल’, आणखी दोहोंवर ‘ऑल्दो’ आणि ‘बट’. चार मुलांनी पट्ट्या छातीशी धरून फळ्यापुढे ओळीनं उभं राहायचं, बाकीच्यांनी जागा सांगायच्या. दरवर्षी रांग एकच लागते : ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टु स्कूल. मी ‘बट’ धरलेल्या मुलीला बाजूला व्हायला सांगते, तेव्हा वर्ग अस्वस्थ होतो. यंदा तिनंच विचारलं, “बाई, मग ‘तरी’ कुठे गेला?”

याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यावा लागतो. ‘जर’ला ‘तर’, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’, ‘जो’ला ‘तो’. कडी आणि कोयंडा. इंग्रजीत ‘ऑल्दो’ एकटाच दोन वाक्यं सांधतो, आणि मराठीत वाढलेल्या मुलाला ते दार उघडंच राहिल्यासारखं वाटतं. म्हणून ते ‘बट’ लावतं. ही चूक मी लाल शाईनं नुसती खोडत असे, तेव्हा ती पुढच्या निबंधात पुन्हा यायची. आता मी कडी-कोयंड्याच्या जोड्या मुलांकडूनच काढून घेते आणि विचारते, इंग्रजीत यातलं कोण घरी राहिलं? मग ‘ऑल्दो’ धरलेल्या मुलाला खाली बसवते. ‘बट’वाली मुलगी दोन वाक्यांच्या मधे येऊन उभी राहते. ‘इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टु स्कूल.’ अर्थ जवळपास तोच, पण मिश्र वाक्याचं संयुक्त झालं. हे शब्द मुलांना नवे नाहीत. केवल, मिश्र, संयुक्त हे मराठीच्या तासाला होऊन गेलेलं असतं, पण दोन वह्यांमधे भिंत असते. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. तेव्हा तिकडून इकडे आलेली वाट आपल्या मुलांनी उलटी चालायला काय हरकत आहे?

‘सिम्पल’ या शब्दानंही घोळ होतो. मुलांना तो ‘सोपं’, ‘लहान’ असा ऐकू येतो. मी दीड ओळीचं वाक्य लिहिते : पहाटे, खांद्यावर दप्तर घेऊन, एक मुलगी शेतातून एसटी स्टँडकडे चालत गेली, हे इंग्रजीत. क्रियापद एकच, ‘वॉक्ड’. म्हणजे सिम्पल. आणि ‘आय नो ही लाइड’ हे चार शब्दांचं वाक्य कॉम्प्लेक्स.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘काल आलेला पाहुणा’ यावर घालवते. मराठीत आपण ‘आलेला’, ‘भिजलेली’, ‘तुटकं’ अशा एकेका शब्दात अख्खा क्लॉज घडी करून ठेवतो. ती घडी मुलांनी उलगडायची : काल जो आला तो पाहुणा. मग इंग्रजीत, पण पाहुणा पुढे आणि त्याची ओळख मागाहून : ‘द गेस्ट हू केम यस्टर्डे’. घडी उलगडण्यात मुलांना अपार गोडी वाटते. भाजलेलं कणीस, मामानं दिलेली सायकल, न सुटलेलं गणित. फळा भरतो, घंटा होते, तरी हात वरच असतात.

अर्जवाला मुलगा ज्या वर्षी वर्गात होता, त्या वर्षी या तासाला तो सगळ्यात शेवटी उठला. त्यानं फळ्याच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत लिहिलं, ‘आय केम टुडे बिकॉज माय मदर इज वेल.’ खाली कंसात मराठी वाक्य लिहून त्यानं ‘म्हणून’खाली रेघ ओढली, आणि बाणाचं टोक डावीकडे काढलं.