सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर? मुलाचं नेमकं चुकतं कुठे?

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. कुकरची दुसरी शिट्टी झालेली असते, तुमचे हात कणकेत असतात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दुसरीतले चिरंजीव वही उघडून बसलेले असतात. तुम्ही सांगता, ‘‘लिही, सत्तेचाळीस.’’ तो लिहितो ७४. एकदा सांगून झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तुमचा आवाज चढतो आणि कणकेचा हात पाठीवर उमटतो. तो रडत जेवतो, तुम्हालाही घास जात नाही. खरं ना?

आमच्या शेजारच्या वहिनींकडे हेच चाललं होतं. पुढे पुढे गणिताचा तास असला की पोराच्या पोटात दुखू लागलं. एके दिवशी वहिनी माझ्याकडे येऊन रडल्याच. म्हणाल्या, ‘‘माझी शाळा नववीत गणितापायीच सुटली हो. आता हाही माझ्यावरच गेलाय.’’

मी बरीच वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. म्हणून त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

तो नीट ऐकतो, म्हणूनच चुकतो

‘सत्तेचाळीस’ हा शब्द एकदा सावकाश म्हणून पाहा. आधी काय ऐकू येतं? सात. मग चाळीस. मूल ऐकल्या क्रमाने आधी ७ लिहितं, मग ४. म्हणजे ते ढ नाही, उलट कान देऊन ऐकतंय! आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. कानडी, तेलुगू, तमिळ बोलणाऱ्या मुलांना हा त्रास नाही. त्यांच्याकडे ‘वीस-एक’ याच क्रमाने बोलतात. जर्मन मुलं मात्र आपल्यासारखीच ‘एक आणि वीस’ म्हणतात.

त्यातून आपले शब्द तरी किती वळणाचे! पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न यांत ‘पन्नास’ कुठे दडलाय, ते मुलाला दिसत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी. अर्थात नुसत्या नावातच एक वजाबाकी. आणि नव्व्याण्णवला तोही नियम नाही!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते तुम्हाला आठवत असेल. थट्टाही पुष्कळ झाली. गणिताच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे सांगितलं होतं, की हे मुलांना सोपं जावं म्हणून आहे. तो वाद बाजूला ठेवू. पण घरात दोन्ही म्हणायला काय हरकत आहे? ‘‘चाळीस सात, म्हणजे सत्तेचाळीस.’’ पहिल्याने हात लिहितो, दुसऱ्याने कान तयार होतो.

खराट्याच्या काड्यांचं गणित

आता वहिनींना काय करायला सांगितलं ते ऐका. खराट्याच्या सव्वाशेक काड्या बोटभर लांबीच्या तोडून घ्या. दहा-दहा काड्यांची जुडी करून तिला रबर लावा, काही सुट्ट्या ठेवा. मग म्हणा, ‘‘सत्तेचाळीस काड्या दे बरं.’’ चार जुड्या आणि सात सुट्ट्या हातात आल्यावरच पाटीवर ४७ लिहायचं. दुसऱ्या दिवशी ७४ काड्या मागा आणि दोन्ही ढीग शेजारी मांडा. कुठला मोठा, हे सांगायला मास्तर लागत नाहीत.

हातच्याचंही तसंच. ४२ मधून १७ वजा करायचे आहेत. चार जुड्या, दोन सुट्ट्या. सात सुट्ट्या द्यायच्या, पण हाताशी तर दोनच! मग एका जुडीचा रबर काढायचा. आता बारा सुट्ट्या झाल्या. सात गेल्या, पाच उरल्या. तीन जुड्यांतली एक गेली, दोन उरल्या. उत्तर पंचवीस. जुडी हाताने सोडलेल्या मुलाला ‘हातचा’ हे गौडबंगाल वाटत नाही. सुट्टे पैसे करून आणण्याइतकी ती साधी गोष्ट होते.

मात्र घाई करू नका. आधी हातात वस्तू, मग कागदावर चित्र, शेवटी आकडा, हा क्रम सोडू नका. तारीख आली की काड्या टाकून द्या, असंही नाही. मूल आपण होऊन त्या बाजूला सारतं.

वस्तूही विकत आणायला नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा आजूबाजूला मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतूनच साधनं उभी केली. आपल्याकडे चिंचोके आहेत, बटणं आहेत, डब्यांची झाकणं आहेत.

पाढे पाठ हवेतच, पण वाट माहीत असू द्या. सात आठे अडलं, तर सात पाचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस मिळवा; छप्पन्न येतात. नऊचा पाढा विसरला, तर दहाच्या पाढ्यातून तितकेच कमी करा. अशी वाट ठाऊक असलेलं मूल अडलं तरी रडत नाही.

वेलांटीचीही तीच गोष्ट

वाचनातही असाच उलटा क्रम आडवा येतो. ‘पिठलं’ म्हणताना आधी ‘प’ आणि मग ‘इ’, पण लिहिताना पहिली वेलांटी आधी! मूल अडखळतं ते इथे. म्हणून वेलांटी जरा उशिराच घ्या.

‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मुळाक्षरं घोकून घेतल्याशिवाय शब्द नाही, हाही हट्ट नको. घ, र, म, ग, त, व एवढी सहाच अक्षरं घ्या. घर, मग, गरम, मगर, गवत असे शब्द लगेच तयार होतात. त्यांना काना दिला की तवा, रवा, गाव, मामा. चार दिवसांत मूल ‘मला वाचता येतं’ असं म्हणू लागतं. डब्यांवर चिठ्ठ्या लावा आणि ‘रवा दे’ म्हणून त्यालाच शोधायला सांगा. कधी तो सांगेल ते दोन ओळींत तुम्ही लिहा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. आपलं बोलणं कागदावर पाहून त्याला काय आनंद होतो! त्यात घरच्या बोलीतला शब्द आला तर लगेच खोडू नका. ‘‘आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात,’’ एवढं पुरे.

शाब्दिक उदाहरणांत गणित आणि भाषा दोन्ही एकत्र येतात. ‘रवीजवळ ५ गोट्या आहेत. त्या मीनापेक्षा ३ जास्त आहेत. मीनाजवळ किती?’ मूल ‘जास्त’ पाहतं आणि ८ लिहून मोकळं होतं. इथे बेरीज चुकलेली नाही, वाचन चुकलंय. म्हणून आधी विचारा, ‘‘गोष्ट काय आहे ते तुझ्या शब्दांत सांग. कुणाकडे जास्त?’’ आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारा, ‘‘कसं काढलंस?’’ चांगले शिक्षक वर्गात हेच करतात.

शाळेत गेलात की ‘किती मार्क पडले?’ एवढंच विचारून परतू नका. ‘कुठे अडतो?’ असं विचारा. मूल आणि शिक्षक, दोघांनाही त्याने धीर येतो.

हे सगळं रोज पंधरा मिनिटं, मोबाइल लांब ठेवून. चिडचिड होऊ लागली की त्या दिवसापुरतं थांबा.

आणि वहिनींचं काय झालं? महिनाभराने त्या वाटीभर खीर घेऊन आल्या. पोराचं पोट दुखणं थांबलं होतं. अजून मधूनच उलटं लिहितो, पण आता आपणच जीभ चावून खोडतो. जाता जाता वहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘तो झोपल्यावर मीही काड्या मांडून बसते हो. हातचा म्हणजे काय, ते मला आता कळलं.’’