विकत घेतलेलं ई-पुस्तक आपलंच असतं?

झरीतल्या वाचकाने परभणीहून कादंबरी आणली, तर ती घरात सगळे वाचतात, शेजारी नेतात, पुढे वाचनालयाला दिली तरी कुणी हरकत घेत नाही. एकदा बाजारात आलेल्या प्रतीच्या पुढच्या प्रवासावर प्रकाशकाचा ताबा राहत नाही, असं कॉपीराइट कायद्याचं कलम 14 सांगतं. मोबाइलवर घेतलेल्या कादंबरीचंही तसंच, हा सर्वात मोठा गैरसमज. ‘खरेदी करा’ या बटणामागे बहुधा नुसता वाचनाचा परवाना असतो. फाइल सांकेतिक रूपात येते आणि ती उलगडणारी किल्ली आपल्या खात्याशी व त्या दुकानाच्या अ‍ॅपशी बांधलेली असते. म्हणूनच किंडलवरचं कुलूपबंद पुस्तक बुकगंगाच्या अ‍ॅपमध्ये उघडत नाही, आणि फाइल मैत्रिणीला पाठवली तरी तिला ती वाचता येत नाही. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच गुंडाळलं. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली.

कुलूप म्हणजेच कॉपीराइट, असंही अनेकांना वाटतं. परभणीचे बी. रघुनाथ 1953 मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क टिकतो, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 2014 पासून सर्वांसाठी खुलं आहे. ते कुणी कुलूप लावून विकायला ठेवलं, तर त्या कुलपाला मुदत संपल्याचा पत्ताही नसतो. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तरच. कायद्याने ठेवलेली ही फट सॉफ्टवेअरला कळत नाही.

प्रकाशक म्हणतील, कुलूप काढलं तर एक प्रत विकली जाईल आणि हजार फुकट फिरतील. मराठीची बाजारपेठ लहान, तेव्हा ही भीती हसण्यावारी नेता येत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अशी एखादी पीडीएफ उघडून पाहा. पान तिरकं, कडेला अंगठा, पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का! ती छापील पुस्तकावरून झालेली असते, तिथे ई-पुस्तकाचं कुलूप काय करणार? टॉर या इंग्रजी प्रकाशनाने 2012 मध्ये कुलपं काढली आणि वर्षभराने चोरीत लक्षणीय वाढ दिसली नसल्याचं जाहीर केलं. एका प्रकाशनाच्या अनुभवाने मराठीचा निकाल लागत नाही हे मान्य, पण कुलपामुळे विक्री वाचते याचा पुरावा कुलूप लावणाऱ्यांनीच द्यायला हवा. अडवणूक होते ती पैसे मोजणाऱ्याची.

गावच्या वाचनालयाने टॅब घेऊन त्यात पुस्तकं भरली की देवघेव सुरू, हेही खरं नाही. वैयक्तिक खात्यावरचा परवाना सभासदांना वाटण्यासाठी नसतो, वाचनालयासाठी वेगळा घ्यावा लागतो. हार्परकॉलिन्सने 2011 मध्ये अशा परवान्याला 26 वेळा उसनवारीची मर्यादा घातली होती. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं मात्र संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. आणि किंडलवरही कुलूप लावायचं की नाही, हे प्रकाशकच ठरवतो. तेव्हा वाचनालयांनी मागणी नोंदवताना बिनकुलपाची प्रत प्रकाशकाकडेच मागावी. नकार आला, तर छापील घ्यावी.