घराजवळचे कॉलेज

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघर एकच खल सुरू होतो : शाखा कोणती? पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने एका अर्जावर आपल्या साऱ्या आयुष्याची दिशा लिहून द्यायची, आणि त्याने 'कला' असे लिहिलेच, तर आत्याबाई हळूच विचारणार, "टक्के कमी पडले वाटतं?" अमेरिकेत हा निर्णय आणखी चार-पाच वर्षे लांबणीवर टाकण्याची सोय आहे, आणि तीही स्वस्तात. त्या सोयीचे नाव कम्युनिटी कॉलेज.

१९०१ साली शिकागोजवळच्या जोलिएट गावी हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून एक टूम काढली. विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण गावातच द्यायचे! पहिल्या वर्गात विद्यार्थी किती? अवघे सहा. पुढे १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली. आज ती हजाराच्या घरात आहेत.

येथे प्रवेशाला गुणांची चाळणी बहुधा नसतेच. दोन वर्षांत सुमारे ६० क्रेडिटे मिळवली की 'असोसिएट इन आर्ट्स' ही छोटी पदवी पदरात पडते. त्यासाठी इंग्रजी निबंध, गणित, इतिहास, प्रयोगशाळेसह एखादे शास्त्र, मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र, आणि शिवाय चित्रकला, संगीत, नाटक यांपैकी काहीतरी घ्यावे लागते. आपल्या दृष्टीने ही खिचडीच! पण आपल्याला नेमके काय आवडते हे पानात चार पदार्थ पडल्याशिवाय कळायचे कसे? वर्ग संध्याकाळीही भरतात. त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाशेजारी सैन्यातून परतलेला जवान बसतो, आणि मुले हाताशी आल्यावर पुन्हा वही उघडणारी गृहिणीही. नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेलेल्या आपल्याकडच्या मुलींनाही हे वर्ग खुले आहेत.

नट टॉम हँक्स हा अशाच कॉलेजचा विद्यार्थी. कॅलिफोर्नियातील हेवर्डच्या शाबो कॉलेजात तो गेला याचे कारण त्याने २०१५ मध्ये एका लेखात मोकळेपणाने सांगितले आहे : तिथे सर्वांना घेत असत, आणि फी नव्हती. तिथून तो सॅक्रॅमेंटोच्या राज्य विद्यापीठात गेला.

खरी मेख आहे ती या पुढच्या उडीत. पदवी घेण्याच्या इराद्याने येणारे पुष्कळ. विद्यापीठापर्यंत पोचतात ते जेमतेम तिसरा हिस्सा. कुणाला नोकरी सुटत नाही, कुणाचा संसार आड येतो. पण पुष्कळांचा घात क्रेडिटांच्या हिशेबात होतो. आवडेल तो विषय घेत गेलेल्या मुलाला 'जनरल स्टडीज'चे प्रशस्तिपत्र मिळते खरे; परंतु विद्यापीठातला विभाग म्हणतो, "आमच्या विषयाला यातली निम्मीच चालतील." मग वर्ष वाया, पैसे वाया.

कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून यावर तोड काढली. ठरावीक पाठ्यक्रम पुरा करणाऱ्याला राज्य विद्यापीठांच्या समूहात तिसऱ्या वर्षात जागा मिळते, मात्र ती आवडत्या विद्यापीठातच मिळेल असे नाही. सगळीकडे अशी व्यवस्था सारखी नाही. म्हणून आपला भाचा-पुतण्या तिकडे निघाला असेल, तर परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांहून बरीच जास्त असते हे आधी ध्यानात घ्यावे; आणि पहिला विषय निवडण्यापूर्वीच त्याने कॉलेजच्या सल्लागाराकडून आणि पुढच्या विद्यापीठाकडून, कोणती क्रेडिटे कुठे धरतील, ते लेखी मागून घ्यावे.