निळे फूल केन्याचेच कशावरून?

पावसाळा ऐन भरात आला, की शहरातील कुंपणांच्या कडेला, सोसायट्यांच्या आवारात, रेल्वेमार्गालगतच्या ओल्या जमिनीवर आणि गॅलरीतील दुर्लक्षित कुंड्यांतही एक चिमुकले निळे फूल डोकावू लागते. सकाळी कामावर निघणाऱ्यांना ते दिसते. दुपारी परतणाऱ्यांना दिसत नाही. हा केना. शेतकऱ्याच्या लेखी हे चिवट तण, तर रानभाज्यांच्या जाणकारांच्या लेखी भाजीची आणि भज्यांची पाने. मात्र ‘केना’ या एकाच नावाखाली अनेक निळी फुले खपून जातात. छायाचित्रांवरूनही त्यांचा उलगडा क्वचितच होतो, कारण सारा रोख निळ्या पाकळ्यांवर असतो आणि ओळखीची खूण असते ती हिरव्या भागात.

केन्याचे शास्त्रीय नाव ‘कॉमेलिना बेंगालेन्सिस’. आशिया व आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांतील ही मूळची वनस्पती. प्रजातीच्या नावामागची कथा मोठी गमतीची आहे. फुलाला तीन पाकळ्या असतात. दोन ठसठशीत निळ्या आणि तिसरी लहान, फिकट, सहज नजरेतून सुटणारी. अठराव्या शतकात कार्ल लिनियस यांनी ही प्रजाती कॉमेलिन या डच घराण्याच्या नावे केली. दोन मोठ्या पाकळ्या म्हणजे या घराण्यातील दोन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ आणि तिसरी म्हणजे काही कर्तृत्व गाजवण्याआधीच निधन पावलेला तिसरा, असा खुलासाही त्यांनी केला. यांपैकी यान कॉमेलिन यांचा आपल्या किनारपट्टीशी दुरून संबंध येतो. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलाबारिकस’ या १६७८ ते १६९३ दरम्यान ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध झालेल्या १२ खंडांच्या ग्रंथातील काही खंडांवर त्यांनी टिपा लिहिल्या. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र छापलेले आहे.

आता ओळखीकडे. फूल ज्यातून वर येते, त्या हिरव्या आवरणाला वनस्पतिशास्त्रात महाछद म्हणतात. केन्याच्या महाछदाच्या कडा तळाशी जुळलेल्या असतात, त्यामुळे त्याचा आकार नरसाळ्यासारखा होतो. दिसायला अगदी जवळच्या ‘कॉमेलिना डिफ्यूजा’मध्ये हे आवरण दुमडलेल्या पानासारखे असून त्याच्या कडा मोकळ्या असतात. तिची पाने भाल्यासारखी निमुळती, तर केन्याची रुंद, अंडाकृती. पान खोडाला जेथे वेढते, तेथे केन्यावर तांबूस-तपकिरी केस आढळतात. जुळलेल्या कडा याच प्रजातीतील आणखी काही जातींतही असल्याने एका खुणेवर निकाल देणे धोक्याचे ठरते. या तिन्ही खुणा एकत्र पाहाव्यात.

मर्डानिया या भाऊबंद प्रजातीत असा महाछद नसतो आणि तिन्ही पाकळ्या जवळजवळ सारख्या असतात. आभाळी, नभाळी अशी सुंदर नावे लाभलेल्या सायनोटिस प्रजातीच्या फुलांत पुंकेसरांवर लोकरीसारखे निळे-जांभळे केस असतात. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा घोळ मिटतो. केन्याची सर्वांत विलक्षण खूण मात्र जमिनीखाली असते. या वनस्पतीला मातीत कधीही न उमलणारी, स्वतःच स्वतःचे परागण करणारी फुलेही येतात. वरचे झाड उपटूनही केना पुन्हा उगवतो, यामागे या फुलांच्या बियांचाही हात असतो.

छायाचित्रणातील मुख्य अडचण रंगाची. डोळ्यांना निळे दिसलेले फूल चित्रात जांभळे उतरते, ही तक्रार जुनी आहे. अनेक निळ्या फुलांच्या पाकळ्या तांबड्या रंगाच्या अगदी टोकाचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाशही परावर्तित करतात. फिल्म त्याला फार संवेदनशील असे. डिजिटल कॅमेऱ्यात हा दोष कमी झाला असला, तरी भोवती हिरवळ दाटलेली असेल तर रंगसंतुलनाची स्वयंचलित यंत्रणा हिरवा रंग कमी करण्याच्या खटपटीत निळ्यावर जांभळी झाक आणते. त्यामुळे रंगसंतुलन ‘ढगाळ’ वा ‘सूर्यप्रकाश’ यांपैकी हवामानाला जुळणाऱ्या स्थितीवर ठेवावे. जवळ पांढरा कागद धरून एक चित्र घेतले, तर नंतर संगणकावर रंग तपासता येतो. भर उन्हात पाकळ्यांचा निळा भाग भडक होऊन शिरा हरवतात. अशा वेळी छत्रीची सावली करावी आणि प्रकाशमान अर्ध्या ते एका टप्प्याने कमी ठेवावे.

फूल जेमतेम बोटाच्या पेराएवढे असल्याने कॅमेरा जमिनीलगत आणावा लागतो. छिद्रमान एफ-८ ते एफ-११ ठेवल्यास पाकळ्यांबरोबर पिवळे वंध्य केसरही स्पष्ट येतात. या फुलात मध नसतो. कीटक येतात ते परागांसाठी, आणि हा पिवळा रंग त्यांना खुणावतो. मात्र एका सुंदर चित्रावर थांबू नये. महाछदाचे बाजूने, पानाच्या तळाचे जवळून आणि संपूर्ण झाडाचे, शेजारी नाणे ठेवून, अशी आणखी तीन चित्रे हवीत. झाड उपटण्याची गरज नाही.

हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. ठिकाण व तारखेसह नोंदवलेली अशी छायाचित्रे हल्ली वनस्पतींच्या प्रसाराचे नकाशे तयार करताना वापरली जातात, आणि चुकीच्या नावाची नोंद तेथेही तशीच जाऊन बसते. दुसरा प्रश्न ताटाचा. रानभाज्यांची ओढ शहरांत वाढली आहे; पण नुसत्या फुलाच्या चित्रावरून पाने खुडून कढईत टाकणे योग्य नव्हे. नाव अचूक असले तरी गटाराकाठचा किंवा तणनाशक फवारलेल्या जागेतील केना खाण्याजोगा नसतो.

फुलासाठी सकाळी आठ ते साडेदहाची वेळ उत्तम. दुपारपर्यंत पाकळ्या विरघळल्यासारख्या होऊन आवरणात मिटून जातात. उशिरा पोहोचणाऱ्याला निळा रंग मिळत नाही. महाछद, पाने आणि तांबूस केस मात्र दिवसभर तेथेच असतात.